मला बसायला सांगू नका

बसमध्ये कुणी उठून जागा दिली की मी नको म्हणते. लग्नात खुर्ची पुढं केली की खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहते. लोकांना वाटतं, बाई भारी शिष्ट आहे. खरं एवढंच, की वीस मिनिटं बसले की उठताना कंबर माझं ऐकत नाही. आणि २०२० च्या मार्चमध्ये आमच्या गल्लीतून भोंगा लावलेली गाडी दिवसातून दोनदा फिरायला लागली. घरात बसा, बाहेर पडू नका, घरात बसा.

मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. नाव घेतानाच दम लागतो, म्हणून घरात आम्ही 'एएस' म्हणतो. संधिवाताचाच एक प्रकार. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. कण्याचं खालचं टोक कमरेच्या हाडाला जिथं जुळतं, त्या दोन सांध्यांपासून बहुतेक वेळा सुरुवात होते. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मणके एकमेकांना चिकटून पाठीची काठी होऊ शकते. साध्या कंबरदुखीला आराम मानवतो. याला आरामच सोसत नाही. झोपलं, बसलं की दुखणं वाढतं आणि हिंडलं-फिरलं की सुटतं. हे उलटं गणित लोकांना समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली.

२००७ मध्ये लेकीच्या वेळचं बाळंतपण झालं आणि त्यानंतर हे सुरू झालं. 'बाळंतपणात शेकून घेतलं नसशील', हे निदान आमच्या पेठेत फुकट मिळतं. मग मालिश, एक हाडवैद्य, दोन कंबरपट्टे, आणि जिथं तिथं ऐकलेलं 'बायकांची कंबर दुखतेच' हे वाक्य, असं करत सात वर्षं काढली. २०१४ मध्ये एका डॉक्टरांनी पहिल्यांदा वेगळं विचारलं, "रात्री दुखून जाग येते का? आणि उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं का?" मी त्यांच्या टेबलासमोर रडले. एमआरआय, एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी वगैरे नंतर झालं. माझ्या लेखी निदान त्या प्रश्नातच झालं होतं.

तेव्हापासून माझी औषधं तीन. रोज इटोरिकॉक्झिब ९० ही दुखण्यावरची गोळी, दोन वेळा सल्फासॅलाझिन, आणि रंकाळा, आमच्या कोल्हापूरचा तलाव. रंकाळा डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे म्हटलं तरी चालेल, कारण 'रोज ४५ मिनिटं चालणे' असं त्यांनी गोळ्यांच्या खाली लिहून अधोरेखित केलं होतं. पहाटे साडेपाचला संध्यामठापासून निघायचं, शालिनी पॅलेसपर्यंत जाऊन परत यायचं. पहिली दहा मिनिटं म्हातारीसारखी, मग सांधे मोकळे होत जातात आणि परतताना मी माझ्या वयाची होते. सहा वर्षं पावसाळा वगळता खाडा नव्हता. टाळेबंदी लागली आणि तिसरं औषध त्याच दिवशी बंद झालं.

राहिली गच्ची. आमची गच्ची पाण्याची टाकी वगळून बावीस पावलांची. पहिल्या दिवशी फेऱ्या मोजताना तेवीसवर गोंधळले, चोवीस की पंचवीस ते कळेना. दुसऱ्या दिवशी आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डब्यातले पन्नास चिंचोके घेतले. कठड्यावर दोन वाट्या ठेवल्या. एक फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पन्नास झाले की उलटे. चिंचोका उचलायला दर वेळी थोडं वाकावं लागायचं, हा जादा व्यायाम. चौथ्या-पाचव्या दिवशी वाट्या रिकाम्या. आत्तींनी चिंचोके भाजायला घेतले होते. टाळेबंदीत प्रत्येकाला तोंडात टाकायला काहीतरी लागत होतं, त्यांना तरी काय बोलणार.

पलीकडच्या गच्चीवर आण्णा असायचे. वय अडुसष्ट, जुने पैलवान. तालीम बंद, म्हणून गच्चीवर चटई टाकून जोर काढायचे. त्यांच्याकडून मोठ्यानं मोजणी, माझ्याकडून चिंचोक्यांचा खडखडाट. आठवडाभर त्यांनी बघितलं आणि मग कठड्याशी येऊन म्हणाले, "सूनबाई, कंबर दुखती म्हंतीस आणि पळती हायस की दिवसभर. दुखणं आसल तर पडून ऱ्हावं." मी म्हटलं, "पडलो की जास्त दुखतंय आण्णा. चालतोय म्हणून बरा हाय." (कोल्हापुरात आम्ही बायकाही 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो. लिहायला बसलं की तेवढं 'आले, गेले' आठवतं.) त्यांना ते पटलं नाही. हाड मोडलं की बांधून ठेवायचं, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं.

आता माझा मूर्खपणा सांगते. मार्चच्या मध्यावर फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी म्हटलं होतं की आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कोरोनाचा संसर्ग बळावू शकतो. चार-पाच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपण ती गोळी टाळायचा सल्ला देत नसल्याचं सांगितलंही. पण पहिली बातमी व्हॉट्सअॅपवर आमच्या तीन ग्रुपांवर पोचली. दुसरी एकाही ग्रुपवर आली नाही. माझी इटोरिकॉक्झिब त्याच घराण्यातली. त्यात भर म्हणजे नणंदेनं फोनवर सांगितलं, "अगं, या गोळ्यांनी ताप झाकला जातो, आत कोरोना असला तरी कळणार नाही." हे तर खरंच होतं, अशा गोळ्यांनी ताप उतरतोच. दवाखाना बंद, डॉक्टरांना उगाच कशाला त्रास द्या, असं म्हणून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोळी माझी मीच बंद केली. अकरा दिवस.

पहिले दोन दिवस काही झालं नाही, उलट स्वतःचं कौतुक वाटलं. पाचव्या रात्री साडेतीनला जाग आली आणि कळलं की आपण पाठीवर पडलोय आणि पाठ आपली नाही. एरवीची उठायची माझी रीत ठरलेली आहे. आधी गुडघे वर घ्यायचे. मग खांदा आणि खुबा एकदम वळवून कुशीवर यायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. पाय पलंगाखाली सोडायचे, त्यांच्या वजनानं धड आपोआप उचलतं, खालच्या कोपरानं रेटा द्यायचा, बसलं की लगेच उभं राहायचं. एरवी यात अर्धं मिनिट जातं. त्या रात्री गुडघे वर घेईपर्यंतच घामानं गाऊन भिजला. कुशीवर वळायला गेले तर कमरेत कुणीतरी गरम सळई धरल्यासारखं झालं आणि श्वास अर्ध्यात थांबला. मला लघवीला जायचं होतं. शेजारी नवरा झोपलेला, त्याला उठवायची लाज. एक्केचाळीस वर्षांची बाई, आणि स्वतःच्या पलंगावरून उतरता येत नाही. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली तेव्हा मी उभी होते. पोचले वेळेवर, पण कशी ते लिहीत नाही.

अकराव्या दिवशी नवऱ्यानं न विचारता डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. डॉक्टर चिडले. "ताप झाकला जाईल म्हणून गोळी बंद? मग ताप गोळीच्या आधी मोजा. सकाळी थर्मामीटर, मग गोळी. एवढं साधं आहे." खरंच एवढंच होतं. त्या दिवसापासून वर्षभर मी रोज सकाळचा ताप कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहिला. दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.

त्यांनी मग व्हिडिओवर तपासायचं ठरवलं. २५ मार्चला केंद्र सरकारनं दूरवरून रुग्ण तपासण्याचे नियम काढले होते, त्यामुळं व्हिडिओवर बघून चिठ्ठी देता येत होती. पण सगळीच औषधं नाहीत. दुखणं फारच चढलं होतं म्हणून मी त्यांनीच अगोदर एकदा दिलेल्या जालीम गोळीची, ट्रॅमाडॉलची, आठवण करून दिली. ते म्हणाले, ती २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात गेली आहे, व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. दुखणाऱ्या माणसाला हे ऐकताना कसं वाटतं ते दुखणाऱ्यालाच ठाऊक, पण नियम चुकीचा आहे असंही मला म्हणवत नाही.

तपासणी मात्र बघण्यासारखी झाली. मोबाईल आत्तींच्या शिलाई मशीनवर उभा केला. डॉक्टर म्हणाले, भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभ्या राहा, आता डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का? लागेना. लेकीनं कंपासपेटीतली पट्टी घालून अंतर मोजलं. "दोन सेंटिमीटर, बाबा, लिहा." मग वाकून बोटं जमिनीपासून किती वर राहतात ते. मग आत्तींची शिलाईची टेप माझ्या छातीभोवती गुंडाळली. पूर्ण श्वास सोडून एक माप, छाती भरून दुसरं. या आजारात बरगड्यांचे सांधेही आखडतात, त्यामुळं छाती कमी फुगते. पाचच्या आसपास फरक यायला हवा होता, माझा तीन आला. आत्ती चष्मा नाकावर घेऊन टेप वाचत होत्या. पोलक्याची मापं घेऊन हात बसलेला, म्हणाल्या, "तीनच. नीट श्वास घे की." परत घेतला. तीनच. इतकी वर्षं एका घरात राहूनही आत्तींना माझं दुखणं कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी ते टेपवर दिसलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे न्हाणीतला बंब माझ्या आधी पेटलेला असायचा.

गोळी परत सुरू झाल्यावर ती आणायचा प्रश्न. औषध दुकानासमोर चुन्याचे गोल आखलेले, एकेका गोलात एकेक माणूस. चालणं मला मानवतं. उभं राहणं हा मात्र बसण्याचाच धाकटा भाऊ. मी गोलात जागच्या जागी पावलं टाकायचे, डावं-उजवं, डावं-उजवं. पुढच्या गोलातल्या काकांनी वळून बघितलं आणि आणखी एक गोल पुढं सरकले. तापाची बंदूक कपाळाला लागली की मी मनात म्हणायचे, हिला काय कळतंय, मी गोळी घेऊन आलेय.

काम बसून करायचं ते वेगळंच. मी घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, क्लासच्या प्रश्नपत्रिका. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. त्या वर्षी सतरा पत्रिका तयार होत्या, छापून एकही झाली नाही. लोकांनी तारखा बदलल्या, मग पन्नास माणसांत उरकली आणि पत्रिका मोबाईलवर फोटो म्हणून पाठवली. पैसे गेले, पण खरं सांगू? बसणं कमी झालं म्हणून कंबर खूश होती. नंतर लेकीचे ऑनलाइन क्लास सुरू झाले तसा संगणक तिच्याकडं गेला आणि मी उरलंसुरलं काम ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं करायला शिकले. पोळ्यांच्या पिठाचे डाग अजून कीबोर्डवर आहेत.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी बायोलॉजिक इंजेक्शनचा विषय काढला. आधी क्षयाची तपासणी, मग दर पंधरा दिवसांनी सुई. पण ते औषध प्रतिकारशक्तीच दाबतं, आणि सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवायला काढे उकळत होतं. घरात तीन दिवस चर्चा झाली. शेवटी ठरलं ते भीतीनं की पैशानं, हे मला अजून सांगता येत नाही. एका इंजेक्शनला आमचा महिन्याचा किराणा येतो. आम्ही थांबलो.

दुसरी लाट कोल्हापुरात आली आणि जाईना. राज्यात इतरत्र आकडे उतरायला लागले तरी इथले चढेच. २०२१ चा मे मला आठवतो तो बंबामुळं. सकाळी उठल्यावर अंगावर कढत पाणी घेतल्याशिवाय माझी पाठ उघडत नाही. गीझर आहे, पण बंबाच्या पाण्याची ऊब वेगळी, आणि आत्तींचा हट्ट शेणींचाच, म्हणजे गोवऱ्यांचाच. मागच्या खोपीत वर्षाच्या शेणी रचून ठेवलेल्या असतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात अंत्यसंस्कार फुकट होतात, त्यासाठी लोक शेणी दान करतात, ही इथली जुनी रीत. एरवी कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या वर्षश्राद्धाला पाच-पन्नास शेणी जायच्या. त्या महिन्यात तालमीची पोरं टेम्पो घेऊन दारोदार फिरत होती. आमच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा आत्ती आत गेल्या, खोपीचं दार उघडलं आणि पोरांना म्हणाल्या, "समद्या न्या." मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मी मान हलवली. पोरांनी रांग लावून शेणी टेम्पोत फेकल्या. खाली उरला नुसता भुगा आणि एक पाल. दुसऱ्या दिवशी गीझरच्या पाण्यानं अंघोळ केली. पाठ उशिरा उघडली, पण उघडली.

त्याच महिन्याच्या शेवटी आमच्याकडं कोरोना आला. आधी नवरा, मग मी. माडीवरची दहा बाय दहाची खोली मिळाली. रोज अकराच्या सुमाराला चौकशीचा फोन यायचा. एक मुलगी ठरलेले प्रश्न विचारायची. "ताप?" नाही. "खोकला?" थोडा. "अंगदुखी?" मी विचारलं, "कुठली? रोजची, का नवीन?" पलीकडं शांतता. "मॅडम, हो का नाही तेवढं सांगा, इथं तेवढंच भरता येतंय." मग मी रोज 'हो' म्हणायचे. एका रकान्यात माझी चौदा वर्षं बसली.

पण तो प्रश्न मी थट्टेत विचारला नव्हता. मला खरंच कळत नव्हतं. इतरांना अंग दुखायला लागलं की ते सावध व्हायचे, माझी धोक्याची घंटा कायमच वाजत असलेली. मग लक्षात आलं, नवीन दुखणं पिंडऱ्यांत आणि डोळ्यांच्या मागं होतं आणि चालून सुटत नव्हतं. जुनं चालून सुटत होतं. त्या खोलीत मी दोघांना वेगळं ओळखायला शिकले. बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चाला आणि ऑक्सिजन तीनपेक्षा जास्त उतरला तर कळवा, असं सगळ्यांना सांगत होते. तेवढ्या खोलीत सहा मिनिटं चालताना लोकांना चक्कर यायची म्हणे. माझी वर्षभराची तालीम झालेली. आकडा शहाण्णव, पंच्याण्णव, परत शहाण्णव. छाती तीनच सेंटिमीटर फुगणारी, पण आपलं काम करत होती. रात्री मात्र पालथं झोपायला सांगितलं होतं तेव्हा मान वळेना, म्हणून कुशीवर काढल्या चौदा रात्री.

आम्ही निभावलो. आण्णांना दवाखान्यात नऊ दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं. जूनच्या अखेरीस ते परत गच्चीवर दिसले, खुर्चीत बसलेले. अंगावरचं मांस उतरलेलं, लुंगी दोनदा दुमडून खोचलेली. मी चिंचोके सरकवत होते. (चिंचोके तेच नाहीत, चौथा लॉट.) बराच वेळ ते बघत राहिले.

"सूनबाई, सगळं अंग आखडलंया बग. डागदर म्हंतोय रिपोर्ट चांगलं हाईत. रिपोर्ट चांगलं तर मग दुखतंय कुणाला?"

या प्रश्नाला माझ्याकडं सात वर्षांचं उत्तर होतं, पण मी ते दिलं नाही. विचारलं, "सकाळी उठताना लई होतंय काय?"

"पाठच सुटत न्हाई. जन्मभर पाठ टेकू नये म्हणून झटलो, आणि आता रोज सकाळी हांथरुणातच चितपट."

मी वाटी कठड्यावर ठेवली आणि गच्चीवरच सतरंजी अंथरून उताणी पडले. आमच्या गल्लीत हे शोभतं की नाही याचा विचार नंतर केला. गुडघे वर घेतले, खांदा आणि खुबा एकदम वळवला, कुशीवर आले. इथं पलंग नाही, म्हणून पाय पोटाशी घेतले, कोपर रेटलं, हातावर जोर देऊन गुडघ्यावर आले, उठले. परत एकदा, सावकाश. आण्णा खुर्चीतून पुढं झुकून बघत होते, आखाड्याच्या कडेला बसून बघतात तसे.

"थांब थांब. खांद्याच्या आधी खुबा न्हाई वळवायचा?"

"न्हाई. दोन्ही एकदम."

"हां," ते म्हणाले. "ही खालनं सुटायचीच रीत झाली की. मला वाटलं, दवाखान्यातलं कायतरी आसल." आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागले, सरळच, दम रोखून. मी इकडून ओरडले, "आण्णा, तसं नव्हं!"